सुखाची घोषणा

एखाद्या कलावंतावर दीर्घकाळ प्रेम केलेल्या रसिकाला त्याच कलावंताच्या नव्या कृतीने निराश केले, तर त्या निराशेला समीक्षेत काही स्थान असावे काय? शास्त्रशुद्ध समीक्षेचा आग्रह धरणारे या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतील. त्यांच्या मते कलाकृती स्वयंपूर्ण असते. ती पूर्वीच्या कृतींशी ताडून पाहणे म्हणजे तिच्यावर परक्या मापाचा जुलूम करणे होय. रसिकाची अपेक्षा हा तर त्याच्या खासगी मनाचा व्यवहार. तिचा भंग झाला म्हणून कृतीच्या पदरी दोष कसा घालावा? हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कारण अपेक्षा नेहमीच रसिकाच्या लहरीतून जन्मत नाही; पुष्कळदा ती कलावंतानेच आपल्या पूर्वीच्या कृतींतून घडविलेली असते. ज्याने आपल्याला एका विशिष्ट रीतीने ऐकावयास शिकविले, त्याचे पुढचे गीत आपण त्याच शिकलेल्या कानांनी ऐकतो. अशा वेळी झालेली निराशा नीट तपासली, तर ती कृतीविषयी काही सांगते, आणि रसिकाविषयीही एखादे अप्रिय सत्य सांगून जाते.

या तपासणीसाठी मी जे उदाहरण घेत आहे, ते आपल्या नित्य परिचयाच्या वाङ्मयाबाहेरचे आहे. अमेरिकेतील शिकागो शहरी १९९३ साली जन्मलेला चान्सलर बेनेट हा तरुण ‘चान्स द रॅपर’ या नावाने ओळखला जातो. त्याचा ‘द बिग डे’ हा संग्रह २६ जुलै २०१९ रोजी प्रसिद्ध झाला. ‘ॲसिड रॅप’ या त्याच्या २०१३ सालच्या संग्रहापासून त्याचे प्रत्येक गीत आवडीने ऐकत आलेल्या माझ्यासारख्या अनेकांची त्या दिवशी निराशा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा ‘स्टार लाइन’ हा पुढचा संग्रह आला. मधल्या सहा वर्षांत पहिल्या प्रतिक्रियेची ऊब ओसरली आहे. त्या निराशेचा हिशेब शांतपणे मांडावयास आता हरकत नसावी.

रॅप हा प्रकार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास तेथील तरुणांच्या मेळाव्यांतून उदयास आला. आवर्ती तालावर, यमक आणि अनुप्रास यांनी बांधलेली, गाण्यापेक्षा बोलण्याला अधिक जवळची अशी ही वाणी आहे. प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने तिचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. या वाणीतला ‘मी’ हा भावगीतातल्या ‘मी’पेक्षा अधिक उघडपणे प्रत्यक्ष माणसाचा असतो. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा यावी, त्याप्रमाणे येथेही कवी आपले नाव, आपली वस्ती, आपला रस्ता, आपले सोबती रचनेत गोवतो. त्यामुळे जीवन आणि काव्य यांतील अंतर येथे फार थोडे उरते. कवीच्या आयुष्यात मोठा पालट झाला की त्याच्या काव्याला त्याची दखल घ्यावीच लागते, आणि मग ती कशी घेतली हा प्रश्न टळत नाही.

चान्स हा शिकागोच्या दक्षिण भागातला. शाळेतून दहा दिवसांसाठी काढून टाकले असता त्याने जी गीते रचावयास घेतली, त्यांचा ‘१० डे’ हा संग्रह २०१२ साली आला. शहराच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात तरुणांसाठी चालविल्या जाणाऱ्या केंद्रात, तेथील खुल्या व्यासपीठावर, त्याची वाणी घडली. त्याने कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला नाही आणि आपले आरंभीचे संग्रह श्रोत्यांना विनामूल्य दिले. यामुळे त्याच्यात आणि त्याच्या श्रोत्यांत गिऱ्हाइकीपेक्षा निराळे, काहीसे घरोब्याचे नाते उत्पन्न झाले. ‘कलरिंग बुक’ हा २०१६ चा संग्रह केवळ स्ट्रीमिंगच्या मार्गाने प्रसिद्ध झाला असूनही त्याला २०१७ साली सर्वोत्कृष्ट रॅप संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या श्रोत्यांना आपल्याच घरचा मुलगा नावारूपास आल्याचा आनंद झाला. या घरोब्याची आठवण ठेवणे अवश्य आहे. पुढच्या निराशेत त्याचाही वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या कवीने आम्हांला काय ऐकावयास शिकविले? एका वाक्यात सांगावयाचे तर, आनंदाच्या तळाशी असलेली भीती ऐकावयास शिकविले. त्याच्या काव्यातील उन्हाळ्याची प्रतिमा घ्या. शिकागोचा हिवाळा दीर्घ आणि कठोर असतो. उन्हाळा हा तेथे मुलांनी रस्त्यावर येण्याचा, खेळण्याचा, सुटीचा काळ. परंतु त्या शहराच्या काही वस्त्यांत गोळीबाराच्या घटना वाढण्याचा काळही तोच. ‘ॲसिड रॅप’मध्ये ‘पुशा मॅन’ हे मादक पदार्थ विकणाऱ्याच्या तोऱ्याचे, डौलदार गीत आहे. ते संपते, काही काळ पूर्ण शांतता पसरते, आणि त्या शांततेतून ‘पॅरानॉइया’ हे दुसरे गीत संथपणे वर येते. त्यात उन्हाळा येतो तो मृत्यूचा ऋतू म्हणून. बाहेरचा आवाज फटाक्यांचा की बंदुकीचा, हे कान देऊन ठरविणाऱ्या मुलाचा हा उन्हाळा आहे. पहिल्या गीतातला तोरा खोटा होता असे दुसरे गीत सांगत नाही. तो कशावर उभा होता एवढेच ते दाखविते. मधली शांतता ही या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण जागा होय.

२०१६ च्या ‘समर फ्रेंड्स’मध्ये तीच प्रतिमा अधिक कोवळ्या रूपात परत येते. लहानपणचे खेळ, शेजारची मुले, आणि उन्हाळ्यापुरतीच टिकणारी मैत्री. त्यांतल्या काहींचे न टिकणे म्हणजे मरण होते, हे गीत जवळजवळ कुजबुजत सांगते. याच संग्रहातील ‘स्मोक ब्रेक’ हे गीत आपल्या चर्चेला अधिक उपकारक आहे, कारण त्याचा विषय संसार हाच आहे. मूल झाल्यावर दमलेल्या, एकमेकांसाठी क्षणभरही न उरलेल्या तरुण जोडप्याचे ते गीत. येथे प्रेम आहे, आणि प्रेमाला पुरेसा वेळ नाही. या दोहोंतील ओढ हाच त्या गीताचा घाट आहे. तेव्हा ‘हा कवी गृहस्थ झाला म्हणून बिघडला’ हे जे पुढे थट्टेने म्हटले गेले, त्याला आधार नाही. तो २०१६ सालीच गृहस्थ होता, आणि गृहस्थपणाचे चांगले काव्य त्याने तेव्हा रचले होते.

‘द बिग डे’चा विषय विवाह. मार्च २०१९ मध्ये कवीचा विवाहसोहळा झाला आणि त्यानंतर चार महिन्यांनी हा संग्रह आला. त्यात २२ तुकडे आहेत. त्यांतले तीन संवादरूप, उरलेली गीते. एकूण अवधी ७७ मिनिटे. ‘ॲसिड रॅप’मध्ये १३ आणि ‘कलरिंग बुक’मध्ये १४ रचना होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या संग्रहाचा पसारा ध्यानात येतो. पसारा हा स्वतः दोष नव्हे. पण जो कवी पूर्वी अर्ध्या मिनिटाच्या मौनातून अर्थ काढीत असे, त्याला येथे मौनाची गरजच भासलेली नाही, ही गोष्ट सूचक आहे.

शीर्षकांकडेच पाहावे. पूर्वीच्या गीतांना ‘कोको बटर किसेस’, ‘सेम ड्रग्ज’, ‘समर फ्रेंड्स’ अशी नावे होती. कातडीला लावावयाच्या लोण्यासारख्या मलमाचा वास असलेले चुंबन, ही वस्तू आहे. तिला वास आहे, स्पर्श आहे. त्या गीतातला मुलगा धूम्रपानाचा वास अंगाला येऊ लागल्यामुळे घरच्या मायेच्या मिठीला मुकला आहे. अपराध, वात्सल्य आणि वाढत्या वयाची लाज हे सारे त्या एका वासात साठविले आहे. नव्या संग्रहात मात्र शीर्षकेच निष्कर्ष सांगतात: ‘इटर्नल’ म्हणजे शाश्वत, ‘आय गॉट यू’, कंसात सर्वकाळ आणि सदैव, ‘फाउंड अ गुड वन’, कंसात आता एकटा नाही. शीर्षकगीतात तो दिवस आयुष्यातील सर्वांत थोर दिवस ठरविला जातो. श्रोत्याने शोधून काढावे असे काही शिल्लक ठेवलेले नाही.

येथे आपल्या प्राचीन शास्त्रकारांचे एक मत आठवल्यावाचून राहत नाही. रस हा ध्वनित व्हावयास हवा, त्याचे नाव उच्चारल्याने तो उत्पन्न होत नाही, असे आनंदवर्धनाने प्रतिपादिले; आणि मम्मटाने रसदोषांची गणना करताना स्वशब्दवाच्यता, म्हणजे भावाचा अथवा रसाचा त्याच्याच नावाने निर्देश, हा दोष आरंभीच सांगितला. हा नियम पाठशाळेतला वाटतो खरा. पण शिकागोच्या या गीतांना तो जितका लागू पडतो, तितका आपल्याकडच्या पुष्कळ कवितांनाही पडत नसेल. ‘मी सुखी आहे’ हे विधान सत्य असू शकेल, प्रामाणिक असू शकेल. तथापि ते ऐकून श्रोता सुखी होत नाही. त्याला फक्त बातमी कळते.

मर्ढेकरांनी सौंदर्याचे विवेचन करताना लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे सांगितली. त्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘द बिग डे’मध्ये संवाद उदंड आहे, विरोध जवळजवळ नाही, आणि म्हणूनच समतोल साधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विरोध याचा अर्थ दुःख असा मात्र कोणी घेऊ नये. ‘संडे कँडी’ हे २०१५ चे गीत आजीविषयी आणि रविवारच्या प्रार्थनेविषयी आहे. त्यात दुःखाचा लवलेश नाही. परंतु रस्त्यावरच्या मुलाची चपळ, खट्याळ वाणी आणि प्रार्थनामंदिरातला समूहस्वर यांच्यात तेथे जी झोंबाझोंबी चालते, तिच्यामुळे त्या गीतातला आनंद घडताना दिसतो. घडताना दिसलेला आनंद आपलाही होतो.

पाहुण्यांच्या संख्येबद्दलही तक्रार झाली. जॉन लेजंड, निकी मिनाज, शॉन मेंडिस, ‘एन व्होग’ आणि ‘एसडब्ल्यूव्ही’ हे गायिकांचे समूह, उपरोधिक गीतांसाठी ख्यातनाम असलेले ज्येष्ठ गीतकार रँडी न्यूमन, असा मोठा मेळा या संग्रहात जमला आहे. पण पूर्वीच्या संग्रहातही पाहुणे थोडे नव्हते. फरक त्यांच्या कामात आहे. ‘कलरिंग बुक’मधील ‘फिनिश लाइन/ड्राउन’ या जोडगीतात शर्यत पुरी केल्याचा उत्सव आणि बुडण्याची प्रतिमा एकत्र बांधल्या आहेत; उत्तरार्धात येणारा नोनेम या कवयित्रीचा स्वर उत्सवाला थांबवून विचार करावयास लावतो. तेथे पाहुणा रचनेचा घटक होता. ‘द बिग डे’मधले बहुतेक पाहुणे लग्नाला आल्यासारखे येतात: अभिनंदन करतात, आपापली कला दाखवितात आणि निघून जातात. लग्नात हे योग्यच आहे. काव्यात मात्र त्यामुळे श्रोताही निमंत्रितांच्या रांगेत जाऊन बसतो. दहा दिवस शाळेबाहेर काढलेल्या मुलाचा जो सोबती होता, त्याला आता मांडवातली एक खुर्ची मिळाली. माझ्या निराशेचे मूळ येथे आहे असे मला वाटते.

उन्हाळा या संग्रहातही आहे. ‘डू यू रिमेंबर’ या गीतात ‘डेथ कॅब फॉर क्युटी’ या वाद्यवृंदाच्या गायकाने बालपणच्या न संपणाऱ्या उन्हाळ्यांची आठवण हळुवार स्वरात गायिली आहे. गीत कर्णमधुर आहे. या संग्रहातल्या चांगल्या रचनांत त्याची गणना करावी लागेल. परंतु ज्याने ‘पॅरानॉइया’ ऐकले आहे, तो या उन्हाळ्यात काहीतरी शोधीत राहतो. येथे उन्हाळा हरवलेल्या बालपणाच्या गोडव्याचे चिन्ह एवढाच उरला आहे. तो कोणाचाही, कोठलाही असू शकेल. एकाच कवीच्या हातून एकाच प्रतिमेचा तीन वेळा झालेला हा वापर पाहिला म्हणजे, ‘पूर्वीच्या कृतींशी तुलना करू नका’ हा आरंभीचा आक्षेप टिकत नाही. तुलना आपण करीत नाही; प्रतिमाच ती करविते.

संग्रहाला सरसकट बाद करणे मात्र अन्यायाचे होईल. ‘वी गो हाय’ या गीतात कवी आपल्या पूर्वीच्या असत्याची आणि त्यामुळे दुरावलेल्या जोडीदारणीची कबुली देतो, आणि तेथे क्षणात सारा सूर बदलतो. विवाह हा आता निव्वळ सोहळा राहत नाही, क्षमेनंतरचा करार होतो. ‘सन कम डाउन’मध्ये तो आपल्या पश्चात काय व्हावे याचा विचार करतो, आणि लग्नमंडपाच्या झगमगाटात अचानक संध्याकाळचा उजेड येतो. या दोन गीतांना केंद्र करून १० रचनांचा संग्रह झाला असता, तर विवाहाविषयीचे एक दुर्मीळ आधुनिक काव्य आपल्याला लाभले असते. ही खंत कृतीबाहेरून आलेली नाही. कृतीतच तिचे बीज आहे.

आता रसिकाच्या बाजूचा हिशेब. मला माझ्या निराशेचा एक अंश संशयास्पद वाटतो. कवीला सुख लाभले, त्याचा संसार मांडला गेला, मुलीला बाप मिळाला, आणि आम्ही श्रोते मात्र २०१३ सालच्या त्या भेदरलेल्या, नशेत गुंगलेल्या, मित्राच्या मृत्यूने हादरलेल्या वीस वर्षांच्या मुलाला परत मागत होतो! हे मागणे क्रूर नाही काय? कलावंताने आमच्या रसास्वादासाठी आजन्म जखमी राहावे, अशी इच्छा पुष्कळ रसिकांच्या मनात नकळत दडलेली असते. दुःखाला आपण खोली समजतो आणि सुखाला उथळपणा. त्यात पुन्हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवीकडून वेदनेचीच अपेक्षा ठेवणे हा एका जुन्या अन्यायाचा सूक्ष्म अवशेष आहे. पत्नीवर प्रेम असल्याचे वारंवार सांगणारा म्हणून या कवीची जी सार्वजनिक थट्टा झाली, तीत समीक्षेचा अंश नव्हता. सुखी माणसाविषयीची असूया मात्र होती.

हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. सुख हा काव्याचा विषय होऊ शकतो, याविषयी आपल्या मराठीत तरी शंका घेण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेर, ग्वाल्हेरच्या परिसरात राहून भा. रा. तांबे यांनी गृहस्थजीवनातील प्रेमाची आणि प्रसन्नतेची कविता लिहिली. पण त्यांच्या प्रसन्नतेला सायंकाळची आणि निरोपाची जाणीव आहे. बहिणाबाई चौधरी यांच्या संसारविषयक कवितेतला समंजस आनंद हा दाहाचा विसर पडलेला आनंद नव्हे. सुखाची किंमत ठाऊक असलेले सुख, असे त्याचे वर्णन करता येईल. आम्ही या शिकागोच्या कवीकडे दुःख मागितले नव्हते. ही किंमत मागितली होती. आणि ती त्याला ठाऊक होती, याची साक्ष ‘स्मोक ब्रेक’ आणि ‘वी गो हाय’ देतात.

एका मोहापासून मात्र समीक्षकाने दूर राहिले पाहिजे. हा संग्रह बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या स्थानी आला. त्याच्या प्रचारार्थ योजलेला दौरा डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाला. आणि एप्रिल २०२४ मध्ये कवी व त्याची पत्नी यांनी विभक्त होत असल्याचे जाहीर केले. यावर ‘ते सुख मुळातच खोटे होते, म्हणून ती गीते पोकळ होती’ असे म्हणणारे लोक आहेत. हा तर्क काव्याला आणि माणसांना, दोघांनाही अन्यायकारक आहे. संसार मोडला म्हणून त्यावर लिहिलेले काव्य खोटे ठरत नाही, आणि तो टिकला असता तर ती गीते चांगली ठरली असती असेही नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात तो मनुष्य सुखी होता, असे आपण नि:संशय धरून चालावे. त्याने ते सुख आपल्याला सांगितले, पण त्यात आपल्याला नेले नाही. दोष एवढाच, आणि तो कवीचा आहे, पतीचा नव्हे.

‘द बिग डे’ येण्याच्या सुमारे महिनाभर आधी, जून २०१९ मध्ये, कवीने ‘१० डे’ आणि ‘ॲसिड रॅप’ हे जुने संग्रह स्ट्रीमिंगवर अधिकृतपणे उपलब्ध करून दिले. त्यामुळे त्या उन्हाळ्यात अनेकांनी जुनी आणि नवी गीते लागोपाठ ऐकली. मीही तसेच केले. लग्नाचा बँड थांबल्यावर मी पुन्हा ‘पुशा मॅन’ लावले. गीत संपले, आणि ती शांतता आली. त्या शांततेत पुढचे गीत कधी सुरू होते याची वाट पाहताना माझ्या ध्यानात आले की, मी ज्याची वाट पाहत होतो ते दुःख नव्हते. कवी मला पुढे बोलावील, हा विश्वास होता. तो विश्वास अजून गेलेला नाही. निराशा वाटते, याचा अर्थच तो.